उरलेला अर्धा फरक

भावोजींना प्रयोगशाळेत धाकटीनंच आणलं. पुढे तिला त्याची टोचणी लागून राहिली, पण तेव्हा दोन्ही घरांना त्याचा आनंदच झाला होता.

भावोजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते लिफ्टच्या कारखान्यात डिझाइन इंजिनिअर होते. पगार चांगला, खुर्ची चांगली, आणि माणूस कंटाळून अर्धा झालेला. धाकटी नुकतीच डॉक्टरेट करून देशाच्या मोजमापाच्या प्रयोगशाळेत, वजनाच्या विभागात लागली होती. लग्न तिनं केलं नव्हतं आणि तसा कुणाचा आग्रहही उरला नव्हता. त्यामुळे रविवारचं जेवण ताईकडे, हे न ठरवता ठरून गेलं होतं. अशाच एका रविवारी तिनं सहज सांगितलं, की आम्हाला एक तराजू बांधायचाय. एका बाजूला वजन ठेवायचं आणि दुसऱ्या बाजूनं ते विजेनं तोलायचं. भावोजींचा घास हातातच राहिला. काटा कशावर टेकणार, तार कुठली, चुंबक केवढं, असं सुरू झालं ते भांडी घासून झाली तरी संपेना. थोरली म्हणाली, "यांना घेऊन जा बाई तुझ्याकडे. घरात निदान शांतता नांदेल." ती थट्टेत म्हणाली होती. वर्षाच्या आत भावोजींनी कारखाना सोडला आणि कमी पगारावर प्रयोगशाळेच्या तळघरात येऊन बसले.

त्या काळी किलो म्हणजे काय, याचं उत्तर सरळ होतं. परदेशात एका तिजोरीत, काचेच्या झाकणांखाली, मुठीत मावेल एवढा एक धातूचा ठोकळा होता. तो भरेल तेवढा किलो. देशोदेशी त्याच्या प्रती होत्या. अनेक वर्षांनी या प्रती मूळ ठोकळ्याशेजारी ठेवून पाहिल्या, तर त्यांच्यात फरक पडलेला. फार नाही, एखाद्या बोटाच्या ठशाचं वजन भरावं एवढा. पण प्रती जड झाल्या की मूळ ठोकळा हलका झाला, हे सांगायची सोय नव्हती, कारण तो कितीही झिजला तरी किलो तोच. मीटर कधीच धातूच्या पट्टीतून सुटून प्रकाशाच्या वेगावर जाऊन बसला होता. सेकंद अणूच्या ठोक्यांवर गेला होता. किलो तेवढा मागे राहिला होता.

म्हणून जगभरच्या मोजमापवाल्यांनी ठरवलं, की निसर्गातलाच एक आकडा, प्लांकचा स्थिरांक, कायमचा पक्का करून टाकायचा आणि किलो त्यावरून काढायचा. तो आकडा कुठेही बदलत नाही, झिजत नाही, चोरीला जात नाही. मात्र तो पक्का करण्याआधी जुन्या किलोच्या आधारानं अगदी बारीक मोजायला हवा होता, आणि तोही वेगवेगळ्या देशांनी, वेगवेगळ्या यंत्रांवर, एकमेकांकडे न बघता. सगळ्यांचं जुळलं तरच पुढची गोष्ट. नाहीतर आजचा किलो आणि उद्याचा किलो वेगळे निघायचे.

तळघरातलं यंत्र त्यासाठीच होतं. चुंबकात तारेचं एक वेटोळं टांगलेलं. वर वजन ठेवलं की ते खाली ओढलं जाणार, मग वेटोळ्यात वीज सोडून ते जागच्या जागी तोलून धरायचं. नंतर वजन काढून तेच वेटोळं संथपणे वरखाली हलवायचं आणि त्यात किती व्होल्टेज उमटतं ते मोजायचं. दोन्ही मोजमापं एकत्र मांडली, की चुंबक किती ताकदीचं ही कटकट गणितातून निघून जाते आणि स्थिरांक हाती येतो. सांगायला एवढंच आहे. बांधायला दोघांची उमेदीची वर्षं गेली.

ते वेटोळं भावोजींनी स्वतःच्या हातानं गुंडाळलं होतं. यंत्राला पावलांचा आवाज चालत नसे, दाराची झुळूक चालत नसे, खोलीत एक माणूस जास्त आला तर त्याच्या अंगाची ऊबही चालत नसे. काही केलं तरी नाराज. म्हणून प्रयोगशाळेत सगळे यंत्राला सासूबाई म्हणत. "आज सासूबाईंचा मूड कसा आहे?" असं वरच्या मजल्यावरचे लोक भावोजींना विचारत आणि भावोजी खाली बोट दाखवून ओठांवर बोट ठेवत.

सासूबाई बोलायला लागल्या तेव्हा कळलं, की त्या चुकीचं बोलताहेत. बाकीच्या देशांचे आकडे हळूहळू एकमेकांजवळ येत होते. यांचा मात्र सगळ्यांपासून फटकून. फरक इतका बारीक, की बाहेरच्या माणसाला सांगितला तर तो हसेल. पण ज्या खेळात सगळा हिशेबच बारकाईचा, तिथे तो डोंगराएवढा होता. धाकटीनं आणि भावोजींनी शोध घेतला. चुंबकाचं तापमान, वेटोळ्याचा तिरपेपणा, शेजारच्या खोलीतलं गुरुत्वाकर्षणाचं मोजमाप, वजनावर बसणारा ओलाव्याचा थर, एकेक गोष्ट सोडून पाहिली आणि बांधून पाहिली. आकडा जागचा हलला नाही. धाकटी तोवर विभागप्रमुख झाली होती. परदेशातल्या बैठकांना ती जायची आणि मागच्या रांगेत बसून यायची. तिथे कुणी टाकून बोलत नसे. आपुलकीनं विचारत, हेच तिला लागायचं.

मग एक तारीख जाहीर झाली. त्या तारखेपर्यंत जे आकडे छापून येतील तेच अंतिम हिशेबात धरले जाणार होते. भावोजींची निवृत्तीही त्याच वर्षी होती.

तारीख जवळ आलेली असताना भावोजींना ती गोष्ट सापडली. वेटोळ्याला वीज नेणारी तार जिथे आधाराला टेकते, तिथे इन्शुलेशनचा एक वॉशर होता, शर्टाच्या बटणाएवढा. त्याला केसाएवढी चीर गेली होती आणि चिरेत हवा काढणाऱ्या पंपाचं तेल आणि धूळ बसली होती. तिथून थोडीशी वीज वेटोळ्यात न जाता बाजूनं पळत होती. भावोजी वर आले ते जिने धावत आले. त्या वयात ते धावलेले धाकटीनं पहिल्यांदाच पाहिले. त्यांनी तो वॉशर काढला. काढताना तो दोन तुकडे होऊन हातात आला. नवा घातला, वेटोळं पुन्हा टांगलं, यंत्राभोवतीचं चेंबर बंद करून हवा काढली आणि मोजलं.

आकडा सरकला. सरळ जाऊन बाकीच्या देशांच्या आकड्यांच्या मधोमध बसला.

त्या दिवशी तळघरात लोकांनी सासूबाईंना हात जोडले. संचालक साहेब स्वतः पेढ्यांसारखे गोड बोलत खाली आले. थोरलीनं फोनवर भावोजींचा आवाज ऐकून विचारलं, "कुणाची तब्येत बिघडली का?" ते रडत होते.

धाकटीही रडली. घरी गेल्यावर तिनं वॉशरमधून किती वीज पळत असेल याचा हिशेब मांडला. वॉशरच्या तुकड्यांचा रोध त्यांनी मोजलेला होता, त्यामुळे हिशेब अवघड नव्हता. उत्तर आलं. तिनं पुन्हा मांडला. वॉशरमुळे आकडा जेवढा हलायला हवा होता, त्याच्या दुप्पट हलला होता. अर्धा फरक वॉशरचा होता. उरलेला अर्धा कशानं हलला, ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं भावोजींना दाखवलं. भावोजींनी चष्मा पुसला, हिशेब पाहिला आणि म्हणाले, की यात काही विशेष नाही. वेटोळं खाली काढून पुन्हा टांगलं, तेव्हा ते आधीपेक्षा सरळ बसलं असणार. उरलेला अर्धा तोच.

"पण ते आधी वाकडं होतं असं आपण कधी मोजलं होतं, भावोजी? तुम्हीच तर सरळ असल्याचं दाखवलं होतंत."

"तेव्हा दिसलं नसेल."

"आणि आता दिसतंय?"

धाकटीचं म्हणणं असं, की वेटोळं पुन्हा काढावं, पुन्हा टांगावं, असं पाच-सहा वेळा करावं. दर वेळी आकडा इथेच आला तर ठीक. भटकला, तर आत्ता तो नेमका जुळलाय तो योगायोगानं. त्याला काही महिने लागले असते. तारखेला काही आठवडे उरले होते. जुना वॉशर परत घालून पाहायचा तर त्याचे तुकडे झालेले.

"आकडा चुकीचा होता तेव्हा तू मला एकेक स्क्रू उघडायला लावलास," भावोजी म्हणाले. "मी उघडला. आता बरोबर आलाय. आता कशासाठी उघडायचं?"

"बरोबर आलाय म्हणूनच. कालपर्यंत आपण शोधत होतो. आज थांबलोय, कारण हवा होता तो आकडा आला. दुसरं काही कारण आहे का थांबायचं?"

"आहे. मला माझं यंत्र कळतं."

त्यांना त्यांचं यंत्र खरोखरच कळत होतं. आजवर ते जे म्हणाले त्यातलं बहुतेक खरं निघालं होतं.

संचालक साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी धाकटीला बोलावून शांतपणे समजावलं, की तुम्ही काही खोटं लिहावं असं मी म्हणत नाही. अर्धा फरक वॉशरचा, अर्धा टांगणीचा, असं इंजिनिअरांचं मत म्हणून लिहा. असं मत देणं हेच तर त्यांचं काम आहे. आकडा धरला गेला तर देशाचं नाव या कामात कायमचं राहील, आणि तळघर आणखी वीस वर्षं चालेल. नाही धरला, तर पुढच्या खर्चासाठी मी कुणापुढे काय तोंड घेऊन उभा राहू?

त्याच आठवड्यात थोरली एकटीच धाकटीच्या घरी आली. कधी न येणारी बहीण दारात बघून धाकटी चपापली. थोरली टेबलाशी बसली. पर्स मांडीवरच ठेवली. तिनं आडून काही विचारलं नाही. म्हणाली, मला तुमच्या त्या तारा-चुंबकांतलं काही समजत नाही, मला दोनच गोष्टी सांग.

"आकडा चुकलाय अशी तुझी खात्री आहे?"

"नाही."

"बरोबर असू शकतो?"

"असू शकतो, ताई."

"मग?"

धाकटीनं सांगायचा प्रयत्न केला. असू शकतो हे पुरत नाही, या आकड्यावर उद्या जगातला प्रत्येक किलो उभा राहणार आहे, वगैरे. बोलताना तिला स्वतःचाच आवाज वर्गात शिकवल्यासारखा वाटला. थोरलीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, की जगातले बाकीचे देश आहेत ना उभे करायला. यांच्याजवळ दुसरं काय आहे? पोरबाळ झालं नाही आम्हाला, ते तळघरातच वाढवलं यांनी. एवढं बोलून ती उठली. चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाली.

धाकटीनं आकडा पाठवला. जो आला तोच पाठवला, पण त्यापुढे चुकीची जी मर्यादा लिहायची असते, तिच्यात तो उरलेला अर्धा फरक सगळाच्या सगळा घातला. याचं कारण आम्हाला माहीत नाही, असं स्वच्छ लिहिलं. नावांमध्ये भावोजींचं नाव पहिलं घातलं. भावोजींनी ते वाचलं आणि आपलं नाव काढून टाकायला सांगितलं. ती ऐकेना, तेव्हा ते म्हणाले, "जे मला मान्य नाही त्याच्यावर माझं नाव घालायचं, हा कुठला प्रामाणिकपणा?" मग तिनं ते काढलं.

एवढ्या मोठ्या मर्यादेचा आकडा अंतिम हिशेबात टिकणार नव्हता, आणि टिकला नाही. समितीच्या अहवालात त्याचा एका ओळीत उल्लेख होता. बाकीच्यांचे आकडे जुळले. यांच्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

ज्या दिवशी परदेशातल्या सभागृहात मतदान झालं, त्या दिवशी प्रयोगशाळेच्या हॉलमध्ये पडदा लावला होता. एकेका देशाचं नाव पुकारलं जात होतं आणि प्रत्येक जण हो म्हणत होता. भावोजी निवृत्त झाले होते, पण साहेबांनी आवर्जून बोलावलं म्हणून आले होते. इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या खुर्चीत बसले होते. शेवटचं मत पडलं आणि पडद्यावरची माणसं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. हॉलमध्येही टाळ्या झाल्या. भावोजींनीही वाजवल्या, नीट, शेवटपर्यंत. धाकटीला ते बघवेना. ती पडद्याकडे बघत राहिली. तिथे एक जण सांगत होता, की आजपासून किलो कुणाच्या तिजोरीत नाही, आता तो कुणालाही, कुठेही, कधीही बनवता येईल.

खरं होतं ते. फक्त बनवायला भरवशाचं यंत्र हवं होतं. भरवशाचं नाही म्हणून जगाला कळवलेलं यंत्र एकच होतं, आणि ते या इमारतीच्या तळघरात होतं. तसं कळवणारीही तीच.

तळघर बंद करण्याआधी साहेबांनी वर्षअखेरपर्यंत मुदत दिली. त्यांच्या परीनं ते उदारच वागले. धाकटीनं ठरवलं, की निदान तो अर्धा फरक शोधायचा. भावोजींचं खरं निघालं तर तसं छापायचं, पहिल्या ओळीत त्यांचं नाव घालून, आणि आपण चुकलो हेही लिहायचं. तिला मनातून तेच व्हायला हवं होतं. तिनं त्यांना फोन केला, की या, वेटोळं तुमच्याशिवाय कुणाला टांगता येत नाही. फोन थोरलीनं घेतला होता. तिनं आत जाऊन विचारलं आणि परत येऊन सांगितलं, की ते नको म्हणतात.

मग तिनं कंत्राटावरच्या एका तंत्रज्ञाला हाताशी धरून स्वतःच टांगलं. तार दोनदा पिळली गेली. तिसऱ्या खेपेला जमलं. मोजलं, तर आकडा मधेच कुठेतरी आला, धड जुन्या जागी नाही, धड नव्या जागी नाही. टांगणीनं आकडा हलतो, एवढं त्यातून दिसलं. पण भावोजींनी टांगलेलं सरळ होतं की नुसतंच सोयीचं होतं, हे काही कळलं नाही. तिच्या हाताला त्यांची सफाई नव्हती, तेव्हा हा फरक तिचा स्वतःचाही असू शकत होता. अजून बऱ्याच वेळा करून बघायला हवं होतं.

पुढच्या सोमवारी रस्त्यावर पत्रे उभे राहिले. प्रयोगशाळेच्या दारासमोरून भुयारी रेल्वेचा बोगदा जाणार होता. त्याची मंजुरी कधीचीच झाली होती, वरच्या मजल्यावर तशी पत्रंही येऊन पडली होती. खोदाई सुरू झाली तेव्हा टेबलावरच्या पेल्यातलं पाणीसुद्धा थरथरत होतं. वेटोळं स्थिर राहण्याचा प्रश्नच नव्हता. धाकटी बोगद्याच्या साइटवर गेली. तिथल्या इंजिनिअरनं तिचं म्हणणं आदरानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, म्हणजे तुम्हाला नक्की किती दिवस काम बंद हवंय?" तिनं सांगितलं. तो हसला नाही. काम तीन वर्षं चालेल एवढंच म्हणाला, आणि तिला खड्ड्याच्या कडेनं सांभाळून बाहेर नेऊन सोडलं.

वर्षअखेरीस यंत्र सोडवलं. चुंबक एका विद्यापीठानं मागून घेतलं, पंप दुसऱ्या विभागात गेले. वेटोळ्याचं काय करायचं, असं तंत्रज्ञानं विचारलं. धाकटी म्हणाली, राहू दे तिथेच. नंतर ते कुठे गेलं तिनं चौकशी केली नाही. त्या वर्षीही देशाचा धातूचा ठोकळा मऊ अस्तराच्या पेटीतून परदेशी गेला, तिथल्या यंत्रावर ताडून घ्यायला. पेटी तिनंच भरली.

भावोजींना हे आपल्या तोंडून सांगायला हवं, असं तिला वाटत होतं. फोन करून विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, म्हणून न कळवता गेली. रविवार होता. दार थोरलीनं उघडलं आणि ये म्हणाली. बाहेरच्या खोलीत एक इलेक्ट्रिशियन स्टुलावर उभा राहून पंख्याचा रेग्युलेटर बदलत होता. भावोजी खुर्चीत बसून त्याच्याकडे बघतही नव्हते. टीव्हीवर कुठलीशी मॅच चालू होती. ज्या माणसानं पाहुणा आला तरी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला नव्हता, त्याच्या घरी रेग्युलेटर बदलायला बाहेरचा माणूस आला होता.

इलेक्ट्रिशियन गेल्यावर तिनं सगळं सांगितलं. टांगणी, तिसरी खेप, मधेच आलेला आकडा, बोगदा, सोडवलेलं यंत्र. भावोजींनी टीव्हीचा आवाज बारीक केला होता, तेवढा मान दिला.

"मधेच आला?" त्यांनी विचारलं.

"हो. पण माझा हात तुमच्यासारखा नाही. तुमचं बरोबर असेलही, भावोजी. मला वाटतं असेलच. फक्त मला ते आता दाखवता येणार नाही."

तिला वाटलं, ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

"तुला वाटतं म्हणून काय उपयोग," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. तिचंच बोलणं त्यांनी तिला परत दिलं होतं, आणि त्यातही त्यांना गोडी उरलेली नव्हती. मग त्यांनी टीव्हीचा आवाज मोठा केला.

थोरलीनं चहा आणला. घरातले रोजचे कप कपाटाबाहेर, ओट्यावरच होते, ते धाकटीला दिसत होते. थोरलीनं चहा बशीसकट दिला, सोनेरी काठाच्या कपात, लग्नात आलेल्या सेटमधल्या. तो सेट पाहुण्यांसाठी असायचा. साखर वेगळ्या भांड्यात, चमच्यासकट. किती घालू, असं थोरलीनं विचारलं. धाकटी लहानपणापासून किती साखर घेते हे जिला ठाऊक होतं, तिनं विचारलं. धाकटीनं सांगितलं.

चहा पिऊन ती निघाली. थोरली दारापर्यंत आली, जिना नीट उतर म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

पुढच्या रविवारी धाकटी गेली नाही. दुपारपर्यंत तिनं फोन जवळ ठेवला होता. मग तिनं एकटीपुरतं काहीतरी शिजवलं आणि उभ्या उभ्याच खाल्लं.